हा कोणता पक्षी?

आमच्या पक्षी ओळखायच्या ग्रुपवर एक काका रोज संध्याकाळी खाडीवरचा हललेला फोटो टाकतात आणि विचारतात, ‘हा कोणता पक्षी?’ रोज तोच, चिखलात काडीसारख्या लांब गुलाबी पायांवर उभा असलेला शेकाट्या. मी रोज नाव सांगते. काल मात्र दुसऱ्या कुणाच्या फोटोतला तुतवार त्यांनी नुसत्या पाठीवरून ओळखला. ते भल्याभल्यांना जमत नाही. म्हणजे शेकाट्या त्यांना ठाऊक होताच. पण नाव लिहून टाकलं, की लोक अंगठा देऊन पुढे जातात; विचारलं, तर कुणीतरी बोलतं. मला तरी घरात कोण काय विचारतं?

आज पुन्हा फोटो आला. चिखलावर फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली होती.

मी लिहिलं, ‘शेकाट्या. एकटाच आहे का हो, काका?’

‘हो,’ लगेच उत्तर आलं, ‘बरेच दिवस झाले.’