एल्सेबाईंचा शेवटचा प्रश्न

एल्सेबाई लिहिलेलं प्रत्येक वाक्य मला डॅनिशमध्ये वाचून दाखवत, आणि मला त्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता. सिंगापूरच्या वुडलँड्स भागातल्या आमच्या इमारतीखाली दगडी टेबलापाशी त्या सकाळी वही-पेन्सिल घेऊन बसत. मी भाजी घेऊन परतले की इंग्रजीत म्हणत, "बस जरा. अर्थ शोधू नकोस. कुठे अडखळतंय तेवढं सांग." मी भीत भीत सांगायची आणि त्या तिथल्या तिथे खोडायच्या. "खोडण्यात कसली लाज? नको ते ठेवण्यात असते."

त्यांचा नवरा जहाजावर कप्तान. त्याच्याबरोबर त्या सिंगापूरला आल्या आणि तो वारल्यावरही राहिल्या. डेन्मार्कमध्ये त्यांची पुस्तकं शाळेत शिकवतात, हे मला वर्षभराने माझ्या मुलीकडून कळलं. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, आंटी व्हेरी फेमस लाह." मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकडे मी धडा आहे, इथे शेजारीण. शेजारीण बरी."

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हॉस्पिटलमधून स्वतःच्या पायांनी घरी आल्या, पण इंग्रजी पुसून गेलं होतं. नव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. पेन्सिल हातात धरत, अक्षर उमटत नसे. मी गेले की माझा हात धरून डॅनिशमध्ये बोलू लागत, सावकाश, न थांबता. मला वाटलं, ते प्रकरणच सांगताहेत. मी फोनवर रेकॉर्ड करून त्यांच्या मुलाला कोपनहेगनला पाठवलं.

त्याचा फोन आला. म्हणाला, "शब्द आमचेच आहेत. पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मलाही काही कळत नाही."

तरी मी रोज जात राहिले. दुसरं काय हातात होतं? त्या बोलत, मी मान डोलवी. ते खोटं आहे हे एखाद्या दिवशी त्यांच्या लक्षात येई. मग त्या पेजेची वाटी दूर सारत आणि रडत. मी मराठीतच म्हणे, "असू दे, बाई. असू दे."

महिन्याभराने मुलगा त्यांना न्यायला आला. टॅक्सीपाशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि एक छोटं वाक्य म्हटलं. शेवटी सूर वर चढला. प्रश्न होता, एवढं कळलं. मी मुलाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

मी मान डोलावून "हो" म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला आणि त्या गाडीत बसल्या.

चार महिन्यांनी त्या गेल्याचं मुलाने कळवलं. मी त्यांना कशाचा शब्द दिला होता, ते मला अजून ठाऊक नाही.