सहाशे चाळीस एमबी, पाहुण्यांसकट

"नव्वद!" लुसुंगु म्सिस्काने फोनवर असं सांगितलं, जणू बोर्डात आली.

"नव्वद काय, मॅडम?" पलीकडून चावुलाने विचारलं. तो शिक्षण कचेरीत होता आणि एकशे चाळीस शाळांच्या जुन्या कॉम्प्युटरवर काय भरायचं, याची यादी त्याच्या हातात होती.

"एमबी! सुमुची फाइल नव्वद एमबीची आहे. तुमची मर्यादा शंभर. दहा वाचले की नाही?"

"ही दाबून भरलेली पुडी झाली हो. घेवडा पुडीत मूठभरच दिसतो. मला पातेल्यातला सांगा. मशीनवर बसवल्यावर किती?"

लुसुंगुने घसा खाकरला. "सहाशे चाळीस."

"सहाशे..." चावुलाला पुढे हसूच आवरेना. "मॅडम, आमच्या मशीनमध्ये चार जीबी. त्यातले तीन आधीच गेले, कुठे ते मलाही माहीत नाही. शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी यादी बंद करतो."

लुसुंगु म्झुझूच्या अध्यापक विद्यालयात कॉम्प्युटर शिकवायची आणि उरलेल्या वेळात सुमु सांभाळायची. सुमु म्हणजे गाणं. दो-रे-मीच्या अक्षरांत लिहिलेलं भजन पडद्यावर दाखवायचं आणि चारही आवाज वेगवेगळे वाजवून शिकवायचे, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. ते फुकट होतं, कुणीही त्यात भर घालावी असं खुलं होतं, आणि लोकांनी भर घालण्यात काही म्हणजे काही कसर ठेवली नव्हती.

आत दोनशे सात गाणी होती, सगळी म्हाताऱ्या न्यिरोंगो मास्तरांची. चाळीस वर्षं त्यांनी ती वह्यांत उतरवली होती. त्यातल्या तीन वह्या वाळवीने खाल्ल्या, म्हणून बाकीच्या लुसुंगुने टाइप केल्या. शाळांच्या यादीत सुमु आलं नाही, तर ती गाणी मास्तरांबरोबरच जाणार होती. मास्तर हे बोलून दाखवत नसत. फक्त दर आठवड्याला विचारत, "पोरी, शाळांचं काय झालं?"

याच मास्तरांनी सोळाव्या वर्षी तिला अल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, रांगेतून उठवलं होतं. "आवाज गोड आहे, पण सूर घराकडे निघालाय आणि तू अजून बाजारात," म्हणाले होते. तेही सगळ्यांदेखत. तिने त्याचा सूड असा उगवला की सुमुत अल्टोचा एकेक सूर स्वतःच्याच आवाजात भरला, आणि मशीन त्या सुरांतूनच गाणी जुळवी. दोनशे सात गाण्यांत न्यिरोंगो मास्तरांना तिचंच ऐकावं लागे.

मंगळवारी ती कामाला लागली. एकच ढोल तीन फोल्डरांत तीनदा ठेवलेला होता, तो एकदाच ठेवला. गणवेशांचे फोटो एवढे मोठे होते की बटणाचा दोरा मोजता यावा, ते लहान केले. बुधवारी संध्याकाळी आकडा तीनशे अठरावर आला आणि तिथेच हटून बसला.

कारण 'स्वागत' नावाचं फोल्डर. दोनशे बारा एमबी.

सात वर्षांपूर्वी सुमुचं उद्घाटन झालं, तेव्हा एकतीस मानाचे पाहुणे होते. पाहुण्यांचे आभार न मानता गाणं सुरू करायचं, हे म्झुझूत कोण करणार? म्हणून सुमु उघडलं की आधी एकतीस जणांचे आशीर्वाद, मानाप्रमाणे, एकेक वाजत. ते ओलांडायला बटण होतं, पण दाबायची हिंमत कुणाची? पुढे कुणी मोठ्या पदावर गेलं की नवं ध्वनिमुद्रण व्हायचं आणि जुनं तसंच राहायचं. रेव्हरंड म्हांगो आत तीनदा होते.

गुरुवारी तालमीला ती चर्चच्या दालनात उभी राहिली. मास्तर पेटीशी बसले होते, म्हांगो पहिल्या खुर्चीत, आणि शेजारी महिला मंडळाच्या न्यागोंडवे, विणकाम घेऊन.

"स्वागताची भाषणं काढावी लागतील," ती म्हणाली.

विणकामाच्या सुया थांबल्या.

"काढावी?" न्यागोंडवे म्हणाल्या. "माझं भाषण काढणार? मी त्या दिवशी नवी चप्पल घालून आले होते!"

"आईसाहेब, चप्पल रेकॉर्ड झालेली नाही."

"आवाजात कळते ती!"

"तुझं नाव लुसुंगु," म्हांगो सावकाश म्हणाले. "म्हणजे दया. आणि चाललीस कापत!"

"आदादा," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती म्हणाली, "तुम्ही तिथे तीनदा आहात."

"मग दोनदा तरी ठेव."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. म्हांगोंनी वळून पाहिलं तेव्हा टेनरची, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाची, अख्खी रांग छताकडे बघत होती.

लुसुंगु घामाघूम झाली. दालनात तिची नजर फिरली आणि मंचावरच्या लांब टेबलावर थांबली. पांढरी चादर, प्लास्टिकची फुलं, पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या. समारंभात त्या टेबलाशी दुसरं कुणी फिरकतही नसे.

"आदादा," ती म्हणाली, "लग्नात तुम्ही कुठे बसता?"

"हा काय प्रश्न झाला? वरच्या टेबलाला."

"आमच्यात येऊन बाकावर बसाल का?"

"मी? बाकावर?"

"मग सुमुत सात वर्षं बाकावरच बसलाय. ढोलाशेजारी, गणवेशांच्या फोटोंना खेटून. मी तुमच्यासाठी वेगळं पॅकेज करते. नाव 'सुमु-वरचं-टेबल'. त्यात फक्त मानाचे पाहुणे. ज्याला हवं तो आवर्जून बोलावून घेईल."

म्हांगो विचारात पडले. न्यागोंडवेंनी सुया पुन्हा हलवल्या. "आवर्जून," त्या पुटपुटल्या. "हे बरंय. आणि त्यात टेनरवाले नकोत."

"एकही नाही, आईसाहेब."

ठराव पास झाला. मग त्या ठरावाबद्दल आभाराची चार भाषणं झाली.

शुक्रवारी सकाळी आकडा निघाला एकशे सहा. लुसुंगु यादीवरून वर-खाली गेली. ढोल आवश्यक. अक्षरं आवश्यक. मग एका ओळीवर बोट थांबलं: अल्टो, नऊ एमबी. गावाला कापत सुटलेली बाई आपल्याच आवाजाशी येऊन अडखळली.

मास्तर चहा घेऊन आले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखे कपात चमचा ढवळू लागले.

"बोला ना!" ती उखडली. "बोला, की काढ म्हणून!"

"मी एकदा काढून चुकलोय, पोरी. अठरा वर्षं भोगतोय."

तिने सगळे सूर एकेक वाजवून पाहिले. दो घसरलेला. मी रुसलेला. ला मात्र... तिने पुन्हा वाजवला. ला स्वच्छ होता. तिने तेवढाच ठेवला. बाकीचे सूर त्या एका ला-वरूनच मशीनने वर-खाली ओढून काढावेत, अशी सोय केली.

सत्त्याण्णव.

बाराला वीस मिनिटं कमी असताना फाइल गेली. चावुलाचा फोन आला, "पातेल्यात मोजली, मॅडम. बसली."

मास्तरांनी पहिलं गाणं लावलं, फक्त अल्टो. डोळे मिटून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं. चहा गार झाला.

"काय?" लुसुंगुने विचारलं.

"काही नाही." त्यांनी कप उचलला. "उद्या तालमीला ये. अल्टोच्या रांगेत."

"खरंच?"

"हो. पण ला आला की गा. बाकी वेळ उभी राहा."