पडिफूट यांची शहाणी बोट

दोराला गाठ मी मारली होती, हे आज कबूल करतो. त्या दिवशी केलं नव्हतं.

अॅबिंग्डनच्या लॉकमध्ये, म्हणजे नदीच्या वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर बोटी नेणाऱ्या दोन फाटकांच्या हौदात, आम्ही खाली उतरत होतो. मागचं फाटक मिटलं, पुढची झडप उघडली आणि हौदातलं पाणी उतरायला लागलं. अशा वेळी दोराचा काठावरच्या खुंटाला नुसता वळसा घालायचा, टोक हातात धरायचं आणि बोट उतरेल तसा दोर सोडत जायचा, हे थेम्सवरच्या बदकांनाही ठाऊक आहे. बायको आत चहा करत होती, म्हणून दोर माझ्याकडे होता; मी गाठ मारली आणि तंबाखूचा पाइप शोधायला आत गेलो. पाणी खाली गेलं, बोटीची शेपटी खाली गेली, नाक मात्र खुंटाला लटकून वरच राहिलं. किटली, अंड्याची सँडविचं आणि आमच्या डोरीनबाई, अशा क्रमाने सगळे माझ्या अंगावर आले. लॉक सांभाळणाऱ्या ट्रिंडरने धावत जाऊन पुन्हा पाणी भरलं म्हणून वाचलो.

"गाठ कुणी मारली?" त्याने विचारलं.

मी डोरीनकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो, बोललो काहीच नाही.

तिने पर्स उचलली आणि काठावर पाय ठेवला. "सिरिल, या बोटीवर मी पुन्हा येणार नाही," असं अगदी हळू आवाजात म्हणाली आणि बसने घरी गेली. डोरीन ओरडली की मी निर्धास्त असतो. हळू बोलली की संपलंच.

मी चालवायचं आणि तिने दोर धरायचा, ही आमची वाटणी लग्नाइतकी जुनी, म्हणजे सव्वीस वर्षांची. आता दोर धरायला कुणी उरलं नाही. पंधरा दिवसांनी कळलं की मंगळवारी आणि शुक्रवारी डोरीन पडिफूटच्या बोटीवर जाते.

दुसरा कुणीही चालला असता.

लेनर्ड पडिफूट म्हणजे निवृत्त बेकरीवाला. हात पावाच्या लादीसारखे, बोलणं वर्षाकाठी चार वाक्यं. प्रत्येक लॉकवाल्याला घरी भाजलेले बन देणार, त्यामुळे सगळे लॉकवाले त्याचे. पण माझं खरं दुखणं बनचं नव्हतं. त्याची बोट लॉकमध्ये अशी शिरायची, जशी गाय आपल्या गोठ्यात शिरते. ना या भिंतीला धक्का, ना त्या. माझ्या बोटीवर नदीतल्या प्रत्येक भिंतीचं शेवाळ आहे. कुणी कौतुक केलं की तो म्हणायचा, "बोट शहाणी आहे." लोक म्हणायचे, काय हा विनय. मी म्हणायचो, काय हा माज.

त्याची बायको हिल्डा गेली आणि दोन वर्षं ती बोट ताडपत्रीखाली पडून राहिली. होती तेव्हा बिचारी हिल्डा कायम आत, पुढच्या काचेमागे. बाहेरून तिची फक्त टोपी दिसायची. चहा करत असावी. माणूस दुःखाने खचला, असं सगळे हळहळले. मीही हळहळलो. पण ती दोन वर्षं नदीवर मला फार बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

आता ताडपत्री निघाली होती. शुक्रवारी मी ट्रिंडरच्या लॉककाठच्या बागेत कुंपणाआड जाऊन बसलो. कुंपणावरून बोटीचं छप्पर तेवढं सरकताना दिसलं, लोण्यातून सुरी जावी तसं.

"मालक, डेलियाच्या रोपांवर बसलात," मागून ट्रिंडर म्हणाला. "पण बघितलंत का? दोन्ही बाजूंना चार चार बोटं अंतर."

"आज वारा नाही," मी म्हणालो.

ट्रिंडरने उडालेली टोपी उचलून पुन्हा डोक्यावर दाबली.

घरी डोरीनचं नाक उन्हाने लाल झालेलं, आणि ती गुणगुणत होती.

"पडिफूट ओरडत नाही?"

"नाही."

"मग करतो तरी काय?"

"बनला लोणी लावतो."

दर ऑगस्टमध्ये, लग्नाच्या वाढदिवसाला, आम्ही बोटीने नदीच्या वरच्या अंगाला लेचलेड गावापर्यंत जातो. मी भीतभीत विषय काढला.

"पडिफूटनीही विचारलंय," ती म्हणाली. "मी अजून हो म्हटलेलं नाही."

तो 'अजून' माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पडिफूटच्या धक्क्यावर गेलो. तो पितळेची कडी घासत होता. वाटेत मी भांडण पाठ केलं होतं, सुरुवात तर फारच झणझणीत जमली होती. पण समोर तो लादीएवढा हात पुढे करून उभा राहिला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"पडिफूट, वीस वर्षं मी तुमच्यावर जळतोय. बोट अशी आत न्यायची कशी, ते मला शिकवा. मला बायको परत हवी आहे."

त्याने फडकं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, कच्चा राहिलेला पाव पाहावा तसं.

"मला बोट चालवता येत नाही हो, आधी हिल्डा चालवायची, आता तुमच्या डोरीन चालवतात."