फोनमधले गाल

इंझोरीच्या शाळेत खिचडी शिजवणारी बेबीताई जळतं लाकूड हातानं मागे सारते. विंचू निघाला तर चपलेनं त्याचा निकाल लावते. पण जावयानं पाठवलेला फोन खोक्यातून बाहेर आला, तेव्हा तिनं दोन्ही हात पदराला पुसले आणि पाठीमागे नेले. दाबलं तर पैसे कटतील, आणि चुकून कुणाला लागला तर बोलायचं काय? नवरा शेषराव हसला. "स्वस्तातला फोन हाय, फुटला तर फुटला," म्हणाला, आणि स्वतःच तो तान्ह्या लेकरासारखा जपून धरून बसला.

फोन आला होता सपनासाठी. त्यांची ही लेक लग्नानंतर पुण्याकडे राहायची. सातवा महिना लागला होता, आणि जुन्या बटणाच्या फोनवर नुसता आवाज यायचा. जावयाला, अनुपला, वाटलं मायलेकींनी एकमेकींना पाहावं. भला माणूस. पाहिल्यानं माणसाचं काय काय होतं, ते त्याला कुठं ठाऊक?

रविवारी सकाळी पहिला कॉल लागला. शेषरावनं फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि सपना दिसली. गोरीपान, गाल वर आलेले, डोळे बारीक झालेले. शेजारची धम्मदीपा मुद्दाम पाहायला आली होती. "पोरगी मस्त भरली वो काकू," ती म्हणाली. शेषराव खूश झाला. बेबीताई मात्र पडद्याजवळ सरकली.

तिची थोरली बहीण अंजू अशीच भरली होती, सातव्यातच. सगळ्या बाया तिच्या गालांचं कौतुक करायच्या, त्यात बेबीताईही होती. मग एका दुपारी अंजूला झटके आले. गाडी मिळेपर्यंत ती गेली, पोटातलं लेकरूही गेलं. हे बेबीताईनं सपनाला कधी सांगितलं नव्हतं. गरोदर पोरीपुढे असलं कोणी काढत नाही.

"सपने, तोंड सुजलं तुह्यं."

"नाही वो आई. या स्वस्तातल्या फोनात समदेच जाड दिसतात, गोरेबी दिसतात. तूच पाह्य ना, किती गोरी दिसून राह्यली."

शेषरावनंही मान डोलावली. फोनच हलका, त्याला काय करायचं? बेबीताईला हे मानायचं होतं, अगदी मनापासून मानायचं होतं. तिनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःला पाहिलं. फोननं तिला गोरं केलं होतं, सुरकुत्याही पुसल्या होत्या, पण बसलेले गाल बसलेलेच होते. तिनं धम्मदीपाला ओढून शेजारी बसवलं. तिचाही चेहरा होता तेवढाच दिसला. फोन रंग लावत होता, कुणाला जाड करत नव्हता.

"पाय दाखव."

"काहून?"

"दाखव म्हणते ना. नडगीवर बोट दाब."

सपनानं दाबलं आणि बोट काढलं. चित्र धूसर होतं, तरी खड्डा दिसला. तो भरून आला नाही.

"डोकं दुखते का?"

सपनानं कपाळ चोळलं. मग म्हणाली, "दोन दिवस झाले. उन्हानं असंन."

"जवायाले फोन दे."

अनुप समोर आला. एरवी त्याच्यासमोर बेबीताई दोन शब्दांच्या वर बोलत नसे. "पाया पडते तुमच्या," ती म्हणाली, "तिले आताच्या आता दवाखान्यात न्या. उद्या नाही, आता." मागून सपना हसत म्हणाली, आई उगाच भेते. तेव्हा बेबीताईनं अंजूचं सगळं सांगून टाकलं, झटक्यांपासून शेवटापर्यंत. सपनाचं हसू गेलं. पोरीला असं घाबरवल्याचं बेबीताईला वाईट वाटलं, पण घाबरलेली पोरगी तिला चालणार होती.

मग फोन मुका झाला. बेबीताई त्याच्यासमोर बसून राहिली. तो वाजेल म्हणून भीती, वाजणार नाही म्हणूनही भीती.

दुपारी अनुपचा कॉल आला. बीपी फार वाढलं होतं, भरती करून घेतलं होतं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पण धोका टळला असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. शेषराव पुण्याच्या गाडीची चौकशी करायला फाट्यावर धावला.

"मले पाहू द्या तिले," बेबीताई म्हणाली. "बोलू नका. नुसतं दिसू द्या."

अनुपनं फोन खाटेजवळच्या स्टुलावर टेकवून ठेवला. सपनाचा डोळा लागला होता. हाताला सलाईन, पोटावर दवाखान्याची चादर. बेबीताई ती चादर पाहत राहिली, वर जाते, खाली येते. मधेच रेंज जायची आणि चित्र जागच्या जागी थांबायचं. चादर हलायची नाही. बेबीताई श्वास धरून बसायची, आणि चादर पुन्हा हलली की मगच सोडायची.