माझ्या हातची साखर

“सिस्टर, सुई तुमीच देत जा. तुमचा हात लई हलका आहे. फक्त तिले खायले-प्यायले काही देऊ नका. घरून डबा येईन.”

वहिनी हे हसून बोलली, तिच्या पोरीबद्दल. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची बायको ती, सगळे तिला वहिनीच म्हणतात. तिच्या ओट्यावर मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. मला चहा कागदी कपात, आणि शेजारी बसलेल्या तिच्या जावेला स्टीलच्या पेल्यात. चहा संपल्यावर कप मीच उठून फाटकाबाहेर टाकून आले. तिनं राहू द्या म्हटलं नाही.

मी म्हटलं, “हो वहिनी.”

काहून, असं विचारलं नाही. सरकारी नोकरी आहे माझी. आरोग्यसेविका आहे. दर पौर्णिमेला विहारात जाते. एकदा तर तिथं बायांसमोर उभं राहून भाषण ठोकलं होतं, की आता कोणापुढं मान खाली घालायची नाही. टाळ्याही मिळाल्या होत्या. आणि त्या ओट्यावर तोंडातून काय निघालं, तर हो वहिनी.

तिची मुलगी ईश्वरी. सगळे इशू म्हणतात. आधी मालेगावच्या इंग्रजी शाळेत बसनं जायची. मग तिला मधुमेह निघाला, लहान लेकरांचा, ज्यात अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. रोज सुया. इंग्रजी शाळेनं हात वर केले, आमच्याकडं हे बघायला माणूस नाही म्हणून. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आणि माझं उपकेंद्र यांची भिंत एकच. म्हणून पोरगी गावच्या शाळेत आली. माझ्यासाठीच आली म्हणा ना. मी शेलूबाजारहून जीपनं किन्हीराजाला उतरते, तिथून आत गावात. मधल्या सुट्टीत शाळेत जायचं, इशूचं बोट टोचून साखर पाहायची, दंडावर सुई द्यायची. डबा त्यांचा गडी गाडीवर घेऊन यायचा.

माझी आई जन्मभर अशाच लोकांच्या वावरात निंदायला गेली. तिला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. ती म्हणायची, तू नर्स हो, बिमार माणूस जात विचारत नाही. आई खरं बोलत होती. इशूनं कधी विचारली नाही. घरून तिला ‘सिस्टर’ म्हणायला शिकवलं होतं, तरी ती मला मावशीच म्हणायची. विचारणारे बिमार नव्हते.

आणि मी हुशार. मी तो नियम त्यांच्यापेक्षाही पक्का पाळला. डब्याला हात लावायचा नाही, इथपर्यंत त्यांचं म्हणणं होतं. मी डब्याकडं बघणंही सोडलं. ती काय खाते, किती खाते, हे पाहणं माझं काम होतं. ते मी केलं नाही.

त्या दिवशी उपकेंद्रात लसीकरण होतं. बाया लेकरं घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी घाईनं शाळेत गेले, साखर पाहिली, डबा आलेला दिसला, सुई दिली, पोटभर खा म्हटलं आणि परत आले. नंतर कळलं, डब्यात भेंडी होती. तिला भेंडी आवडत नाही. तिनं पोळ्या मैत्रिणींना वाटल्या, पाणी प्याली आणि खेळायला पळाली.

शाळा पुन्हा भरल्यावर ती एकटीच माझ्या दारात आली. कपाळ घामानं डबडबलेलं. ओठ पांढरे. हात कापत होते.

“मावशी, मले कसंतरी होऊन राह्यलं.”

पाहताक्षणी कळलं. साखर उतरली. ट्रेनिंगमध्ये हे घोकून घेतलं होतं आमच्याकडून, की आधी गोड द्या, बाकी सगळं मागून. टेबलावर ग्लुकोजची पुडी होती. फोडली. ग्लासात पाणी घेतलं, ढवळलं. ग्लास उचलला. इशू माझ्यासमोर उभी. तिनं तोंडही उघडलं होतं.

आणि माझा हात थांबला. खायले-प्यायले काही देऊ नका.

मी ग्लास खाली ठेवला. तिला बाकावर बसवलं आणि बाहेर पळाले. कशाला? ज्याच्या हातचं चालतं असा माणूस शोधायला. ओट्यावर इतक्या बाया होत्या, पण त्या आमच्याच वस्तीतल्या. त्यांच्यातल्या एकीलाही म्हटलं नाही, की चल, तू पाज. माझ्याच बायांना मीच ओलांडून गेले. हेडमास्तर मीटिंगला गेलेले. शाळेची खिचडी शिजवणारी काकू वहिनीच्या भावकीतली, ती मागं हापशीवर खिचडीचा गंज, ते मोठं पातेलं, घासत होती. मी तिला हाका मारल्या. ती म्हणाली, हात धुऊन येतो. तिचे हात धुऊन होईपर्यंत मी तिथं उभी राहिले. नर्स आहे मी. मी उभी राहिले.

आम्ही दोघी परत आलो तर इशू फरशीवर. डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली, अंगाला झटके. आमच्या वस्तीतली एक बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं कोणाला विचारलं नव्हतं.

आता पाणी पाजता येत नव्हतं, श्वासात गेलं असतं. तिला कुशीवर वळवलं. झटके थांबल्यावर ओली साखर बोटावर घेऊन तिच्या गालाच्या आतून चोळत राहिले. जिला माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या तोंडात माझं बोट होतं. रस्त्यावरची जीप थांबवून दवाखान्यात नेलं. सलाईनमधून साखर गेली, तेव्हा तिनं डोळे उघडले. वेळेवर ग्लास लावला असता तर पोरगी फरशीवर पडलीच नसती.

गावात बोलबाला झाला, सिस्टरनं पोरगी वाचवली. शाळेत कार्यक्रम झाला. इशूच्या बापानं माझ्या अंगावर शाल घातली. मी ती घेतली. फोटोत हसले पण. घरी येऊन ती शाल पेटीच्या तळाशी कोंबली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. उभ्यानंच बोलले.

“वहिनी, पोरगी माझ्यासमोर उभी होती अन् साखर माझ्या हातात होती. तुमी नाही म्हटलं होतं म्हणून मी पाजली नाही. दुसरा हात शोधत फिरली.”

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, “आमी काय असं मराच्या वक्ताले म्हटलं होतं का?”

म्हणजे मरायच्या वेळी चालते मी. एरवी नाही.

तिचा नवरा बाहेर आला. मुद्दाम उशीर केला म्हणाला, वरती तक्रार करतो, बदलीच करतो. मी म्हटलं, करा. चौकशीत हेच सांगीन. तुमचं वाक्यही सांगीन आणि माझा ‘हो’ पण सांगीन.

त्यांचा गुन्हा आहेच. तो मी माफ केलेला नाही, करणारही नाही. पण तो ‘हो’ माझा होता. आईच्या ओंजळीचा राग घेऊन मी शिकले, आणि त्या ओंजळीचा नियम एका लेकरावर चालवला. याची लाज जात नाही. इशू मला पाहून हसते तेव्हा ती जास्तच वाटते.

तक्रार गेली आहे. सुई मी बंद केली नाही, त्यात लेकराचा काय दोष? पण आता तिचा डबा मी उघडते. समोर बसते. भाजी आवडली नाही तर खिचडीचं ताट आणते, माझ्या हातानं भरवते, भर वर्गात. घरचे कोणी दारात येऊन उभे राहिले तरी घास थांबत नाही. परवानगी मागितलेली नाही. मागणार नाही.

बदली होईल कदाचित. माझ्या जागी जी येईल, ती कोणत्या वस्तीतली असेल ते मला माहीत नाही. पण चाव्या देताना तिला सांगणार आहे. बाई, लेकरू घामानं भिजून दारात आलं की ग्लास त्याच्या तोंडाला लाव. कोणाच्या हातचं चालते, हे पाहू नको. मी पाहिलं होतं.