साफ केलेलं गाणं

चिपने कॅसेटचं पोट उघडलं आणि श्वास रोखून धरला. आतली फीत कांद्याच्या सालीसारखी झालेली, जरा जोर लावला तर हातात यायची. फीत टेपच्या हेडला दाबून धरणारा मऊ तुकडा असतो, तो केव्हाच गळून गेला होता. चिपने स्वतःच्या टोपीच्या कडेचं जाड कापड चिमूटभर कापलं आणि तिथं चिकटवलं. समोर एक गिऱ्हाईक फोनची काच बदलायला उभं होतं. ते दोनदा खाकरलं.

"काका, ऑपरेशन चालूय," चिप मान वर न करता म्हणाला. "तुमचा पेशंट मरत नाही. माझा मरतोय."

कॅसेटमध्ये मागावरच्या बायकांचं गाणं होतं. जुन्या शेडमध्ये कापड विणताना त्या गायच्या ते. दुसरी प्रत कुणाकडे नव्हती. आणि त्या बायकांत चिपची आत्या होती.

चिप हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नाही. शाळेशी त्याचं जमलं नाही, तेव्हा आत्याने कान धरून एका टेपदुरुस्तीवाल्याकडे बसवला. तिथं तो रिळं गुंडाळत होता, तोवर एक दिवस कुणीतरी नखावर मावेल एवढं काळं कार्ड आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणालं, यात अख्ख्या गल्लीला पुरतील एवढी गाणी आहेत. चिपने ते उलटंपालटं करून बघितलं, कानाला लावलं, वास पण घेतला. कपाटभर कॅसेटी एका नखावर! त्या दिवशी तो जेवला नाही, आणि लोक त्या कार्डाला म्हणायचे तेच नाव, चिप, त्याला चिकटलं. घरी येऊन आत्याला दाखवलं, तर ती म्हणाली, एवढी गाणी आहेत तर गप्प कसं बसलंय. पण नंतर तिनेही ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवेना.

पुढं त्याने स्वतःची टपरी टाकली. ट्रकवाले, शिंपी, पाव भाजणारे, सगळे त्याच्याकडून कार्डात गाणी भरून घ्यायचे. मग गाणी हवेतून यायला लागली आणि कार्डाला कुणी विचारेना. दुसरा कुणी असता तर नव्या जमान्याला शिव्या घातल्या असत्या. चिप मात्र खूश. बिनतारेचं, बिनकार्डाचं गाणं आभाळातून नेमकं याच फोनमध्ये कसं उतरतं, हे तो गिऱ्हाइकांना असं सांगायचा की जणू त्यानेच वरून सोडलंय. पोट काचा आणि कव्हरांवर चालायचं. जीव मात्र बातम्यांत. रोज शटर उघडायच्या आधी तो त्यावर खडूने नव्या वस्तूंची बातमी लिहायचा आणि खाली आपलं मत. "नवा फोन आला. कॅमेरे वाढले, तोंड तेच." "हेडफोनचं भोक बंद केलं. उद्या चार्जरचंही करतील, मग फोन उन्हात वाळत घाला." लोक कामाला जाता जाता वाचायचे, हसायचे, आणि फोन घेण्याआधी चिपलाच विचारायचे.

आत्याचे कान मागाने खाल्ले. उभं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. कानाच्या डॉक्टरांनी चिपला बाजूला घेऊन सांगितलं की बारीक आवाज आधी जातात, जाडे शेवटी, आणि आता जाड्यांचीही निघायची तयारी आहे. जे ऐकवायचंय ते लवकर ऐकवा. मशीन लावूनही फार फरक पडणार नव्हता. तेव्हापासून चिपच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आत्याला तिचं शेडमधलं गाणं एकदा ऐकवायचं. तरणेपणीचा स्वतःचा आवाज तिच्या कानात पडला पाहिजे, कान मिटायच्या आत.

कॅसेट निघाली कांडीवाल्या मावशीकडे. ही मावशी शेडमध्ये मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची, आत्याची जिवाभावाची. तिने ती शिवणाच्या डब्यात सुया-दोऱ्यांखाली ठेवलेली. "जप रे चिप्या," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात शटरवर बातमी होती: "नवं ऍप. आवाजातला कचरा काढतं, माणसाचा गळा तेवढा ठेवतं. मत: डोळे झाकून घ्या." चिपने तेच केलं. डोळे झाकले. टेपची वायर थेट ऍपला जोडली आणि कॅसेट वाजवली. खटाक खटाक करत मागाचा जो राक्षस मागे नाचत होता, तो ऍपने लोण्यातल्या केसासारखा उचलून काढला. राहिले नुसते गळे. इतके स्वच्छ की एकीने मधेच घेतलेला श्वास ऐकू आला. एवढ्या वर्षांच्या धुळीतून बाया बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या, असं चिपला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आत्याच्या खोलीवर गेला. मावशीला बोलावून घेतलेलं. स्पीकरचा आवाज पार वर नेला. गाणं सुरू झालं. आत्या स्पीकरकडे बघत बसली. मग चिपकडे बघितलं. मग पुन्हा स्पीकरकडे.

"कधी लावतोस?" ती म्हणाली.

गाणं अर्ध्यावर आलं होतं.

चिपने मावशीकडे बघितलं. मावशी पदराचं टोक चाळवत होती. "गळे आमचेच आहेत रे," ती हळू म्हणाली. "पण गाणं आमचं नाही. आम्ही मागाच्या ठोक्यावर गायचो. ठोका नाही, तर पाय टाकायचा कुठं?"

तेव्हा चिपच्या डोक्यात प्रकाश पडला. आत्याच्या कानात उरलेत ते जाडे आवाज, आणि नेमके तेच आपण कचरा म्हणून फेकले. बरं, मूळ आवाज वेगळा ठेवायचा असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कार्डात गाणी भरून भरून याच्या हाताला एकच सवय, थेट आत टाकायचं आणि जागा वाचवायची. ऍपने साफ केलेलं तेवढं ठेवलं होतं, बाकी गेलं.

आता कॅसेट पुन्हा वाजवणं आलं. टपरीत येऊन त्याने टेपचं हेड बघितलं, तर त्यावर तपकिरी भुगा. फितीवरचा लेप सुटत होता. तो लेप म्हणजेच गाणं, दुसरं काही नाही. पहिल्याच फेरीत किती गाणं भुगा झालं, देव जाणे. दुसऱ्या फेरीनंतर काही उरेल याची खात्री नव्हती. न वाजवावं, तर आत्याच्या कानांचीही खात्री नव्हती.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं. हेड पुसलं, वायर या वेळी साध्या रेकॉर्डरला लावली, तो चालू आहे ना हे पुन्हा पुन्हा बघितलं आणि बटण दाबलं. माग सुरू झाला. खटाक, खटाक. त्यावर बाया पाय रोवून उभ्या राहिल्यासारख्या गायला लागल्या, आणि चिपला पहिल्यांदा कळलं की हे गाणं चालतं, नुसतं वाजत नाही. मधेच ठोका थांबला. गाणंही थांबलं. चिपचा हात बंद करायच्या बटणावर गेला, फीत अडकली असं वाटून. पण चाकं फिरत होती. त्याने हात मागे घेतला. कुणीतरी हसलं, ठोका पुन्हा सुरू झाला, गाणंही. ऍपने ही जागा मुकाट उचलून दोन्ही टोकं जोडून टाकली होती.

गाणं संपलं तेव्हा फीत जागोजागी आरपार दिसत होती.

या वेळी त्याने टपरीतला मोठा स्पीकर डोक्यावर घेऊन नेला. आत्याचा तळहात धरला, स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि लावलं.

पहिल्याच ठोक्याला ती ताठ झाली. मग तिचा पाय हलायला लागला. मावशी केव्हा गायला लागली ते कळलंही नाही. चिप दाराला टेकून बघत होता. मधली ती थांबण्याची जागा आली नव्हती, यायची होती, आणि त्याआधीच आत्याचा उजवा हात वर गेला आणि मागाचा दांडा ओढावा तसं हवेत काहीतरी ओढलं. ठोका थांबला. ती वाकली, दोन बोटांनी न दिसणाऱ्या धाग्याला गाठ मारली, हात पुढं ढकलला. ठोका सुरू झाला.

एवढी वर्षं चिप नखावरच्या कार्डाचं कौतुक करत होता. या बाईच्या हातात अख्खी शेड भरलेली होती आणि तिला ना कार्ड लागलं ना चार्जिंग.

संपल्यावर तो तिच्या कानाशी ओरडला, "आत्या, यातला तुझा गळा कुठला?"

"लाव परत," ती म्हणाली.

त्याने परत लावलं. मग पुन्हा. चहा गार झाला.

पुढं बऱ्याच दिवसांनी मावशी टपरीवर आली, नातीच्या फोनमध्ये तेच गाणं भरून घ्यायला, आणि बोलता बोलता तिने सांगितलं. चालू शेडमध्ये किंकाळी ऐकू येत नाही, गाणं कुठलं रेकॉर्ड होणार? म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळे माग बंद ठेवून एकच चालवला होता, ठोक्यापुरता. कॅसेटमध्ये आपला गळा यावा म्हणून सगळ्या टेपजवळ गोळा झालेल्या, मागावर जायला कुणी तयार होईना. शेवटी आत्याच उठली आणि मागाशी जाऊन उभी राहिली. त्या कॅसेटमध्ये ती एक ओळही गायलेली नाही. आणि शेडमध्ये सगळ्यात गोड गळा तिचा होता.