चुकायला मिळालेली बाहुली

माझी धाकटी बहीण लष्करी रुग्णालयात नर्सिंग अधिकारी आहे. मी धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. तिला या वाटेला मीच लावलं. पण सास्तूरच्या घरी आई पाहुण्यांना फोटो दाखवते तो तिचा, वर्दीतला.

मागच्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली. रक्त चढवायचा सराव तिकडं कसा घेतात, ते जेवताना सांगायला लागली. माणसाएवढी बाहुली, तिची नाडी चालते, स्पीकरवर गोळीबार, आरडाओरडा, आणि त्या गोंधळात पिशवी तपासून लावायची. चुकीचं रक्त लावलं की बाहुलीची नाडी सुटते. आई घास हातात धरून ऐकत होती. माझ्या वॉर्डातलं तिनं असं कधीच ऐकलं नव्हतं.

आमच्या मेट्रनबाईंना हे कळलं. “आमच्या पोरींनाही दाखवा की,” म्हणाल्या. बहिणीनं दोन खाटांवर दोन उशा ठेवल्या, दोन्हींना एकाच नावाच्या पट्ट्या बांधल्या, पिशवीत कुंकवाचं पाणी भरलं आणि सगळ्यांदेखत मलाच बोलावलं. एक सहकारीण नातेवाईक होऊन ओरडायला लागली, “भाऊ मरायलाय माझा, लवकर करा!” मी पट्टी वाचली आणि पिशवी लावली. चुकीच्या उशीला.

“आक्का, नाव वाचलंस. पट्टीवरचा पेशंटचा नंबर वाचला न्हाईस,” बहीण हळूच म्हणाली. माझे कान तापले.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, “पहिल्यांदा मीपण बाहुली मारली होती, आक्का. बाथरूममधी जाऊन रडले. मग त्यांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा पुन्हा.”

“तुला मारायला बाहुली तरी होती,” मी म्हणाले.

आम्ही शिकलो ते जित्या माणसांवर. वर्दीचा हेवा मी इतकी वर्षं पोटात ठेवला होता. तो त्या दिवशी किरकोळ वाटला. बिनधास्त चुकता यावं म्हणून कुणी तिच्यासाठी बाहुली आणून ठेवली होती, हे जास्त जळत राहिलं.

ती परत गेली. आता आमच्याकडं उशांचा सराव मीच घेते, नातेवाईक होऊन ओरडते. परवा एक नवी पोरगी माझ्या ओरडण्याला न जुमानता थांबली, बोट ठेवून नंबर वाचला आणि तो जुळेना म्हणून पिशवी बाजूला सारली. “शाब्बास,” मी म्हणाले. आणि तिचाही हेवा वाटला.